निळ्याचे दोन ढीग

आण्णा वाफ्यांच्या कडेनं सावकाश चालत होते आणि मी मनातल्या मनात किंचाळत होते, थांबा, थांबा, इथंच थांबा!

तोंडावर मात्र मी सुतक आणलं होतं. आणलं होतं म्हणजे प्रयत्न चालला होता. माझ्या चेहऱ्यावर सगळं छापून येतं. सातवीत स्नेहसंमेलनाला बाईंनी मला गुन्हेगाराचं काम दिलं आणि दुसऱ्या तालमीला काढून घेतलं, कारण गुन्हा व्हायच्या आधीच मी हसायचे. म्हणून त्या सकाळी आईनं मला पोत्यांच्या चवडीमागं बसवलं होतं आणि बजावलं होतं, "पदे, तोंड उघडायचं न्हाई."

मी आठवीत होते तेव्हा. आता दहावीत आहे.

आण्णा म्हणजे भूपाल आण्णा, माझ्या बाबांचे थोरले भाऊ. घरात, भावकीत, गावात, सगळीकडं त्यांना आण्णाच म्हणतात. बाबा शिरोलीला फाउंड्रीत असतात, आठवड्यातून एकदा येतात, आणि शेतीच्या कुठल्याही प्रश्नावर त्यांचं उत्तर एकच, "आण्णा म्हणतील तसं." आणि आण्णांचं म्हणणं होतं, नदीकडचं रान गडदेला द्यायचं.

ते रान उसाला पाणी पाजून पाजून बसलं होतं. मीठ वर आलेलं. हिवाळ्यात सकाळी बघितलं तर कुणीतरी पीठ चाळून गेल्यासारखं पांढरं. ऊस लावला की गुडघ्याएवढा होऊन जळायचा. गडदे वीटभट्टीवाला म्हणत होता, वरचा पांढरा थर मी काढून टाकतो, खाली पोयटा आहे, विटेला सोन्यासारखा. पण माती गेली की राहणार काय? खड्डा. शेजारच्या गावात असे खड्डे आहेत, त्यात म्हशी बसतात.

आईनं एक हंगाम मागून घेतला. कारखान्यानं खाऱ्या जमिनीसाठी शुगरबीटचं बी वाटलं होतं, ते तिनं आणलं. आण्णांनी अट घातली. एकेक गुंठ्याचे सहा वाफे. खणायच्या दिवशी त्यातला कुठलाही एक ते निवडणार. त्यात अर्धा टन माल भरला तर रान पाच वर्षं आईचं. नाही भरला तर त्याच दिवशी गडदे टेप टाकणार.

आणि गडदे आला होता टेप घेऊन! बांधावर बसून तो टेपचं चाक उगाचच फिरवत होता. कर्र, कर्र.

आता सांगते मी का किंचाळत होते. त्या सहा वाफ्यांतले तीन दिसायला झकास होते. हिरवीगार, रुंद, तकाकणारी पानं, म्हैस बघून वेडी होईल अशी. आणि तीन दिसायला अगदी दरिद्री. पानं पिवळी पडून जमिनीवर लोळलेली, माती तडकलेली. कुणीही म्हणेल, मिठानं खाल्लं. पण मी आणि आई त्या तडकलेल्या मातीत बोटं घालून आलो होतो. आत कंद हाताच्या पंजात मावत नव्हता! कंद फुगला म्हणून माती तडकली होती. वरून काही दिसत नव्हतं, कारण आईनं उसाला लावतात तशी मातीची भर लावली होती.

आण्णांनी मात्र एकदाही बोट घातलं नव्हतं. ते घालणारच नव्हते. आम्ही जैन, आमच्यात कंदमूळ खात नाहीत. आण्णांनी तर महाराजांपुढं नियमच घेतलेला, कंद खाणार नाही आणि स्वतःच्या हातानं उपटणारही नाही. त्यामुळं त्यांना दिसत होती ती फक्त पानं. आणि आण्णा सगळ्यात वाईट वाफा निवडणार हे शेंबडं पोरसुद्धा सांगू शकलं असतं.

तर मी पोत्यांमागं बसून सुतकी तोंड करत होते आणि पोटात फटाके फुटत होते.

आण्णा हिरव्या वाफ्यांवरनं पुढं गेले. पिवळ्या पानांच्या पहिल्या वाफ्यापाशी रेंगाळले. पुढं गेले. आणि सगळ्यात दरिद्री, सगळ्यात लोळलेल्या वाफ्यापाशी थांबून त्यांनी काठी टेकवली.

"ह्यो."

निळं! निळ्याचाच वाफा! बी रंगीत गोळ्यांसारखं होतं, गुलाबी, निळं, पिवळं. पाकिटावरची नावं इंग्रजी-आकडे मिसळलेली, म्हणून आम्ही वाणांना रंगानंच हाक मारायचो. आणि सहांत सगळ्यात मोठे कंद त्या निळ्यात होते. मी ओढणी तोंडात कोंबली.

"आण्णा," आई म्हणाली, "तो नको."

मला वाटलं, वा! काय नाटक करते ही. नको म्हटलं की आण्णा तोच धरणार.

"का गं? भ्यालीस?"

"भ्याले न्हाई. त्यात माल जास्त हाय. सहांत सगळ्यात जास्त. पानांवर जाऊ नका."

माझ्या तोंडातली ओढणी पडली.

आण्णांनी काठी उचलून आईकडं रोखली. "मग हिरव्यातला घेऊ म्हणतीस?"

"हिरव्यात काय न्हाई. हिरव्यातला घेतला तर मी हरणार."

"आई!" मी ओरडले. राहवलंच नाही. "आई, तू काय बोलतीयेस?"

"पदे, गप्प बस." तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. "आण्णा, एक नको. सहाच्या सहा खणूया. माणसं आल्यात, काटा आलाय, कोळी साहेब आल्यात. सगळंच वर काढू."

कोळी साहेब म्हणजे कारखान्याच्या शेती खात्यातले, नवीनच नोकरीला लागलेले, टोपी घालून उन्हात उभे. त्यांनी मान डोलावली, पण आण्णांनी बघितल्यावर डोलावलेली मान परत सरळ केली.

"सगळं काढून तुला काय मिळणार हाय?"

"बघायचंय."

"काय बघायचंय?"

"कुठलं कधी पेरल्यावर कसं येतं, ते."

आण्णा हसले. पण ते फसणाऱ्यातले नाहीत. त्यांना वास आला की यात काहीतरी आहे, फक्त काय ते कळेना. "बरं. सहा खणायचे तर सहांचं वजन धरायचं. सरासरी. गुंठ्याला अर्धा टन पडला पाहिजे. चालंल?"

"चालंल," आई म्हणाली.

गडदे बांधावरनं म्हणाला, "वैनी, विचार करा हां." तो हसत होता.

मी तर रडायच्या बेताला आले होते. जिंकलेला डाव! आण्णांनी स्वतःच्या काठीनं जिंकून दिलेला डाव, आणि हिनं उधळून टाकला!

"अगं पण का?" मी तिच्या मागं मागं निघाले. "मला सांग ना, का?"

"टिकाव घे," आई म्हणाली.

बचत गटातल्या सात-आठ बायका आल्या होत्या. त्यात बायजाक्का सगळ्यात पुढं. तिचं रान आमच्या खालच्या अंगाला, पाटाच्या शेवटाला. तेही तसंच पांढरं, आणि पुढच्या हंगामाला बीट घ्यायचं असं तिनं ठरवूनच टाकलेलं. पाणी वरच्या सगळ्यांचं झाल्यावर तिच्याकडं पोचायचं. "माझ्या वाट्याला पाणी येतंय तवर लोकांची लग्नं हुतात," असं ती म्हणायची.

आधी निळा खणला. बायजाक्कानं टिकाव घातला, पानांचा बुचका धरून ओढला, आणि कंद बाहेर आल्यावर ती मागं बुडावर आपटली.

"आगं बया! ह्ये बीट हाय का बाळ?"

सगळ्या हसल्या. मीसुद्धा, रागात असूनही. मातीतनं एकेक कंद निघत होता, पांढरट, जाडजूड, डोक्याकडं रुंद आणि खाली शेपटीसारखा. पानं छाटायची, माती झाडायची, पोत्यात भरायचं, काट्यावर ठेवायचं. कोळी साहेबांनी एक कंद चिरून रसाचा थेंब त्यांच्या नळीसारख्या यंत्रात घातला, उजेडाकडं धरून एक डोळा मिटला आणि म्हणाले, "साखर चांगली उतरलीय."

"यंत्र कशाला, जीभ हाय की," म्हणत बायजाक्कानं एक काप तोंडात टाकला आणि आईकडं वळली. "गुळागत लागतंय गं, त्रिशला! खाऊन बघ... आरं व्हय, तुमी खात न्हाई. मग तुझ्या वाटणीचंबी मीच खाते."

शेवटचं पोतं चढलं. कोळी साहेबांनी बेरीज केली. "सहाशे चाळीस किलो!"

मी गडदेकडं बघून नाचले. खरंच नाचले. टेपची करकर थांबली होती.

"मी ठरिवलं," बायजाक्का कमरेवर हात ठेवून म्हणाली. "पुढल्या साली निळं. दुसरं काय बघायचंच न्हाई. डोळं झाकून निळं."

आईनं निळ्याचा ढीग बांधाला वेगळा लावायला सांगितला आणि पुढच्या वाफ्याकडं गेली.

पुढचं गुलाबी पाचशेच्या जरा वर. त्याच्या पुढचं पिवळं चारशेवीस. मी मातीत काडीनं हिशोब करत होते. सरासरी अजून पाचशेच्या वर! पाचशेवीस-पंचवीस! मी आईला ओरडून सांगितलं. ती म्हणाली, "ढीग वेगळं ठेव गं. मिसळू नकोस."

मग हिरवे वाफे आले.

हे तीन वाफे उशिराचे. सगळं बी दसऱ्यालाच पेरायचं ठरलं होतं. अर्धं पेरून झालं आणि पाणी बंद झालं. मोटार आण्णांच्या मळ्यातल्या उसाकडं गेली ती गेलीच, आई दोनदा विचारून आली आणि दोन्ही वेळा आण्णा म्हणाले, "ऊस पोटापाण्याचा, तुझं बीट हौसेचं." उरलेलं बी पेरायला दत्तजयंती उजाडली. त्याच तीन रंगांचं बी, तीच जमीन, तेच हात. फक्त उशीर.

पहिला हिरवा खणला, पिवळ्याचा. बायकांनी पानं धरून ओढली आणि कंद इतक्या सहज वर आले की दोघी तोल जाऊन एकमेकींवर पडल्या. पण यावेळी कुणी हसलं नाही. हातात आले ते मुळ्यासारखे बारीक. पानांचा भारा एवढा, आणि खाली एवढंसं.

"एकशेऐंशी," कोळी साहेब हळू आवाजात म्हणाले.

मी काडीनं बेरीज केली. पुसली. परत केली. साडेचारशेच्या आत आलो होतो.

कर्र, कर्र.

"पाणी कमी पडलं का?" गटातल्या कुणीतरी विचारलं.

"पाणी नाही, थंडी कमी पडली," कोळी साहेब म्हणाले. "कोवळेपणी थंडी मिळायला हवी होती. हे उगवून जोर धरतंय तवर ऊन तापलं."

पाचवा वाफा निळ्याचा. उशिराचं निळं. दिसायला सहांत सगळ्यात देखणं, आणि मला अजून आशा होती. निळं ते निळं! बायजाक्काही त्याच भरवशावर पुढं झाली. तिनं टिकाव घातला आणि नाकाला पदर लावला.

वास. कुजका, आंबूस. कंद वर आला तो अर्धाच. खालचा भाग मातीतच लगदा होऊन राहिला. मानेपाशी पांढरी बुरशी, आणि तिच्यावर मोहरीच्या दाण्यांसारखे तपकिरी दाणे. दुसरा ओढला, तोही तसाच. तिसरा धड निघाला, चौथा नाही. ओळीच्या ओळी अशाच. वर पानं मजेत डुलत होती.

"ऊन चढलं की येते ही बुरशी," कोळी साहेब म्हणाले. "निळं वाण हिला फार लवकर बळी पडतं, असं आता दिसतंय. दसऱ्याचं तयार होऊन बसलेलं, म्हणून वाचलं. हे कोवळं सापडलं."

कुजलेलं टाकून उरलेलं काट्यावर ठेवलं. एकशेचाळीस.

बायजाक्का हातातला लगदा मातीत पुसत बसली होती.

सूर्य खाली यायला लागला. आमच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवतात, आणि आण्णा तर कधीच चुकत नाहीत. गावात लोक त्यांच्या घरी परतण्यावरून म्हणे दूध काढायला बसतात. काकूंनी सांगावा पाठवला, ताट वाढलंय. आण्णा म्हणाले, "येतो." आणि काठीवर हात ठेवून उभेच राहिले.

सहावा वाफा, उशिराचं गुलाबी. आता काही मोठं निघणार नाही हे मला माहीत होतं. पण कुजलेलंही निघेना. कंद लहान, पण टणक आणि स्वच्छ. साडेतीनशे भरलं.

माझी काडी मातीत थांबली. उत्तर मला कोळी साहेबांच्या आधी आलं होतं, पण मी बोलले नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला उत्तर माहीत होतं आणि मी हात वर केला नाही.

"सरासरी पावणेचारशे," कोळी साहेब म्हणाले, मातीकडं बघत.

गडदे उठला. कपडे झाडले. "आण्णा, उजेड हाय तवर माप टाकून घेऊ?"

मला आईकडं बघवेना. बघितलं तर ती उभी होती, हात मातीनं भरलेले, आणि म्हणाली काय, "टाका. ठरलं होतं तसं." एवढंच! ना रडणं, ना भांडणं. मला तिचा इतका राग आला, इतका राग आला की मला वाटलं आत्ता जाऊन सगळे ढीग लाथेनं उडवावेत.

आण्णा निघाले. घराकडं नाही, ढिगांकडं. सहा ढीग बांधाला ओळीनं लावलेले होते. ते निळ्याच्या पहिल्या ढिगापाशी थांबले. तो त्यांच्या कमरेपर्यंत आला होता. मग निळ्याच्या दुसऱ्या ढिगापाशी. तो गुडघ्याच्या खालीच, बाजूला कुजक्याचा वेगळा पसारा, माश्या घोंघावत.

"ही दोन्ही एकच बी?"

"एकच," कोळी साहेब म्हणाले. "एकाच वेळी आलेली पाकिटं."

"आणि हे असं का?"

आई पोती गोळा करायला लागली. मी तोंड उघडलं, पण आईनं माझ्या दंडाला धरलं, घट्ट. आण्णांना उत्तर माहीत होतं. तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. मोटार कुणाच्या उसाला चालू होती हे गावातल्या कुत्र्यालासुद्धा माहीत होतं.

गडदेनं टेपचं टोक बांधाच्या कोपऱ्यात रोवलं आणि चाक घेऊन चालायला लागला.

"गडदे," आण्णा म्हणाले.

"जी?"

"गुंडाळा ते."

"आण्णा, सरासरी..."

"सरासरी चुकीची हाय." आण्णांनी काठीनं मातीत रेघ ओढली, तीन ढीग इकडं, तीन तिकडं. "हे तीन तिचं. हे तीन तिच्यात धरायचं न्हाई. हे माझं." आणि ते कुजलेल्या पसाऱ्याकडं बोट करून परत म्हणाले, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "हे मी पिकिवलंय."

मग कोळी साहेबांकडं वळून, "तिच्या तिघांचं काढा."

मी साहेबांना काढूच दिलं नाही. "पाचशे तेवीस!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या शिवारातनं बगळे उठले.

गडदे टेप गुंडाळताना काहीतरी पुटपुटत होता, 'शब्द दिला हुता' वगैरे. आण्णा त्याच्याबरोबर गाडीपर्यंत गेले, त्याच्याशी काहीतरी बोलले, आणि तसेच मळ्याच्या वाटेला लागले. सूर्य तोवर गेला होता. आण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. पाणीही घेतलं नाही, काकूंनी नंतर सांगितलं.

बायका गेल्या. बायजाक्का जाता जाता त्या दोन निळ्या ढिगांपाशी परत एकदा थांबली, वाकून दोन्हींतला एकेक कंद उचलला, ओटीत घातला आणि पाटाच्या शेवटाकडं चालू लागली.

आई आणि मी पोती घडी करत होतो. मला हसू आवरत नव्हतं आणि राग अजून गेला नव्हता, दोन्ही एकदमच.

"आण्णांनी असं केलं नसतं तर?" मी विचारलं. "गडदेनं माप टाकलंच असतं तर?"

"तर रान गेलं असतं."

"मग? सकाळी गप्प बसली असतीस तर सहाशे चाळीस! त्यांनीच निवडला होता! एक वाफा, संपला विषय. का बोललीस तू?"

आईनं पोत्याची घडी मांडीवर दाबली. खालच्या शिवारात बायजाक्का आता ठिपक्याएवढी दिसत होती.

"आज फक्त तोच वाफा खणला असता," ती म्हणाली, "तर पुढल्या साली तिनं काय पेरलं असतं?"

"निळं," मी म्हणाले. "डोळं झाकून."

"आणि पाणी तिला कधी मिळतं?"